चार मुलं गेली, पंधरा हजार गेले

विचारा, सांगतो : वाचकांची पत्रं आणि एका निवृत्त केंद्रप्रमुखाची (शाळांच्या गटावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची) उत्तरं

मार्च जवळ आला की पत्रांत पैशांचा विषय निघतोच. या वेळी तर एक आजोबा सोडले तर सगळ्यांनी शाळेचं अनुदान नाही तर शाळेची गुणवत्ता यावरच लिहिलंय. आजोबांचाही प्रश्न पैशांचाच आहे, फक्त एक रुपयाचा.

प्रश्न : गुरुजी, सा. न. वि. वि. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मला यंदा व्यवस्थापन समितीवर घेतलंय. गेल्या वर्षी शाळेला २५ हजार आले होते, यंदा १० हजारच आले. मुख्याध्यापक म्हणतात वरूनच कमी आलं. गावात बोलतात, पोरांना वाचता येत नाही म्हणून सरकारनं पैसे कापले. लाईटबिलच महिन्याला सातशे येतं. पटावर २९ मुलं आहेत, आधी ३३ होती. द्राक्षाच्या हंगामात मळ्यावरच्या मजुरांची सात पोरं शाळेत येऊन बसतात. ती धरली तर आमची ३६ होतात. त्यांचे पैसे कुणाला मिळतात? (नाव छापू नका.)

उत्तर : ताई, नाव छापत नाही. पण हाच प्रश्न समितीच्या सभेत उभं राहून विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.

वाचता येत नाही म्हणून पैसे कापले, असं झालेलं नाही. तसा नियमच नाही. असता तर पोरांना वाचता येतं का हे बघायला कुणीतरी आलं असतं. तुमच्या शाळेला जे मिळतं ते संयुक्त शाळा अनुदान. २०१८-१९ मध्ये सर्व शिक्षा अभियान आणि आणखी दोन योजना एकत्र करून समग्र शिक्षा सुरू झाली, त्यातून ते येतं. शंभरातले साठ रुपये केंद्राचे, चाळीस राज्याचे. आणि हा पैसा फक्त पट बघतो. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, ३० मुलांपर्यंत आकडा असेल तर १० हजार. ३१ ते १०० असेल तर २५ हजार. १०१ ते २५० ला ५० हजार. तुमची ३३ ची २९ झाली आणि तुम्ही पायरीवरून खाली आलात. चार मुलं गेली, पंधरा हजार गेले.

हा हिशोब आमच्या केंद्रातले शिक्षक मला कायम ऐकवायचे. तीस मुलांच्या शाळेत एका मुलामागे वर्षाला ३३३ रुपये येतात. एकतिसावं मूल मात्र एकटं पंधरा हजार घेऊन येतं. मे महिन्यात दोन शेजारच्या शाळांचे गुरुजी एकाच घरासमोर मोटारसायकली लावून उभे दिसायचे ते उगाच नाही. छप्पर काही पट बघून गळत नाही, मीटरही पट बघून फिरत नाही.

आता तुमचे दहा हजार मांडू. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात, म्हणजे हजार. लाईटबिल सातशे गुणिले बारा, ८,४००. उरले सहाशे. या सहाशेत वर्षाचे खडू, हजेरीपट, नळाची तोटी आणि रिपोर्टची झेरॉक्स. दोन शिक्षकांच्या पगारावर सरकार वर्षाला काही लाख खर्च करतं, त्यामुळे शाळेवर खर्च होत नाही असं कुणी म्हणू नये. पण पगाराच्या लाखांतून तोटी बदलता येत नाही. ती गुरुजी खिशातून बदलतात. पूर्वी सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, पैसे यायचे, थोडेफार, उशिरा, पण 'सादिलमधून करू' असं म्हणायला तरी शब्द होता.

पैसे येतात कसे, हेही समितीत बसणाऱ्याला माहीत हवं. शाळेच्या खात्यात आता रोकड पडत नाही. लिमिट येते, म्हणजे अमुक रकमेपर्यंत खर्च करा अशी मुभा. ३१ मार्चला ती संपते. एका वर्षी माझ्या केंद्रात लिमिट आली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. बिलं तयार, ठराव तयार. पेमेंटच्या कागदावर मुख्याध्यापक आणि समितीच्या अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या लागायच्या. अध्यक्षबाई द्राक्ष काढणीला दुसऱ्या गावी, फोन मुलाकडे, मुलगा नाशिकला. माझ्या एम-एटी गाडीवर मुख्याध्यापकांना मागं बसवून आम्ही तो बाग शोधला. बाईंनी क्रेटवर कागद ठेवून सही केली, द्राक्षाचा चिकट डाग कागदावर तसाच. बँकेत पोहोचलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी एप्रिल. पैसे परत. पुढच्या सभेत पालकांनी विचारलं, 'आलेले पैसे गेले कुठं?' मुख्याध्यापकांनी खरं सांगितलं, कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणून सांगतो, आत्ताच विचारा : लिमिट किती आली, कोणत्या तारखेला आली, खर्च किती झाला. किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बघायला मागा. तुम्हाला तो हक्क आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय, ते काही फोटोसाठी नाही. चांगला मुख्याध्यापक किर्द आनंदानं दाखवतो, निम्मी काळजी उतरते त्याची.

राहिली मळ्यावरची सात पोरं. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. ही पोरं बहुतेक पेठ-सुरगाण्याकडची असणार. पट मोजतात ३० सप्टेंबरचा. द्राक्षाच्या गोडी छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) मजूर तुमच्याकडे उतरतात त्यानंतर. म्हणजे मोजणीच्या दिवशी पोरगं आपल्या पाड्यावर, पैसा आणि शिक्षक पाड्याच्या शाळेच्या नावावर, आणि नंतरचे पाच महिने ते बसतं तुमच्या ओट्यावर. कुणी लबाडी केलेली नाही. तारीखच अशी आहे की पोरगं एकीकडे आणि पैसा दुसरीकडे.

मग त्यांची नावं दाखला आणून तुमच्याकडे ओढावीत का? कायद्यानं ओढता येतील, दाखला अडवता येत नाही. पण ओढू नका. सात नावं कमी झाली तर त्या पाड्यावरचा दुसरा शिक्षक जाईल, आणि पोरं एप्रिलात परत जातील तेव्हा तिथं कुणी नसेल. स्थलांतराला निघालेल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते घेऊन आली असतील तर तुमच्या शाळेनं त्यांची हजेरी घ्यायची, आहार द्यायचा, जाताना नोंद करून परत पाठवायचं. कार्ड नसेल तर मुख्याध्यापकांनी पाड्याच्या शाळेला फोन करावा. नंबर त्या पोरांच्या आयांकडे असतोच, 'सरांचा' म्हणून सेव्ह केलेला.

प्रश्न : सिन्नर तालुका. मुलगी जिल्हा परिषद शाळेत चौथीला. प्रगतिपत्रकावर सगळीकडे अ-२. पण शिकवणीच्या मॅडम म्हणतात तिला धड वाचता येत नाही. इंग्रजी शाळेत घालावं म्हणतो. फी वर्षाला २२ हजार, व्हॅन वेगळी. काय करू? (एक पालक)

उत्तर : आधी तुम्ही स्वतः वाचून घ्या तिच्याकडून. कसं ते सांगतो.

मी केंद्रप्रमुख असताना एका शाळेत चौथीची मुलगी उभी राहिली आणि धडा घडाघडा वाचू लागली. मी खूश. मग माझं लक्ष तिच्या बोटाकडं गेलं. बोट एका शब्दावर आणि तोंड दोन शब्द पुढं. थोड्या वेळानं बोट ओळीच्या शेवटाला पोहोचून थांबलं, तोंड चालूच. धडा पाठ होता. मी फळ्यावर त्याच धड्यातले शब्द उलटसुलट करून एक वाक्य लिहिलं, 'झाडाखाली आजी बसली'. ती फळ्याकडे बघेना, पुस्तकातल्या चित्राकडे बघू लागली. मी पुस्तक मिटलं. मग म्हणाली, 'झा... डा...' आणि पुढं नाही. तिच्या नोंदवहीत अ-२ होता. वहीखाली तपासल्याची सही माझी होती.

त्यामुळे श्रेणीवर जाऊ नका, आणि श्रेणी देणाऱ्या बाईंवर चिडूही नका. 'क' दिला की लगेच खुलासा मागतात, 'अ' दिला की कुणी काही विचारत नाही. मुलांना वाचता येतं का हे तपासणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून गावागावांत होते, ती शाळेत नव्हे तर घरी जाऊन. मुलाच्या हातात आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळी, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. बस, एवढंच. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांना दुसरीची गोष्ट वाचता आली. खासगी शाळांचा आकडा सरकारीपेक्षा वर असतो, पण शंभराच्या जवळपासही नसतो, आणि त्यातला थोडा फरक घरचा असतो, शाळेचा नव्हे. तुमच्या मुलीला मराठी वाचता येत नसेल तर इंग्रजी शाळेत ती दोन भाषांत वाचू शकणार नाही, एवढंच होईल.

तिला धड्याबाहेरचं काहीतरी द्या. खताच्या गोणीवरची अक्षरं, एसटीची पाटी, लग्नपत्रिका. 'चि. सौ. कां.' कळलं नाही तरी चालेल, मलाही लग्नापर्यंत कळलं नव्हतं. अडली तर वर्गशिक्षिकेला भेटा, भांडायला नव्हे, आणि विचारा की अक्षराला अडते, जोडाक्षराला अडते की काना-मात्रेला. ज्यांना हे लगेच सांगता येतं त्यांच्या हाती मुलगी ठेवा. सांगता आलं नाही तर मग शाळा बदलायचा विचार करा.

आणि एक. तुम्ही जी फी म्हणताय ती वरच्या ताईंच्या अख्ख्या शाळेच्या यंदाच्या अनुदानाच्या दुपटीहून जास्त आहे. तुमच्या खिशात हात घालायचा मला अधिकार नाही, पण त्यातल्या दोन हजारांची गोष्टीची पुस्तकं वर्गात आली तर काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या महिन्यात फाटतात. फाटू द्यावीत.

गावाला शाळा चांगली की वाईट हे पूर्वी चौथीच्या स्कॉलरशिपवरून कळायचं. कुणाची किती पोरं लागली याची पारावर चर्चा व्हायची. २०१६-१७ पासून ती परीक्षा पाचवी-आठवीला गेली आणि चौथीपर्यंतच्या शाळांचा तो मानच गेला. पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. मला बरं वाटलं, पण धाकधूकही आहे. तेव्हाही पाच हुशार पोरं पुढच्या बाकावर आणि बाकीची पंचवीस खिडकीबाहेर बघत, असं चालायचंच.

प्रश्न : नातीला शाळेत गेल्याबद्दल रोज एक रुपया मिळतो म्हणतात. खरं का थट्टा? (पेठ)

उत्तर : आजोबा, खरं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता असतो, १९९२ पासून. हजर दिवसाला एक रुपया. वर्षाचे २२० दिवस धरा. रुपया तेव्हाही एकच होता. वर्गशिक्षकांना विचारा, हजेरी भरलेली असेल तर हक्क सोडू नका.

प्रश्न : सर, मी सुरगाणा तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. सोबतचे शिक्षक बऱ्याचदा दुसऱ्या कामावर. पट ३४, दिवाळीनंतर समोर १९. घरची भाषा वेगळी, पुस्तकाची वेगळी. निपुणचं (वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं) उद्दिष्ट मात्र सगळ्यांना एकच. रोज माहिती भरण्यात दुपार जाते. काय सोडू आणि काय धरू? (एक शिक्षक)

उत्तर : सर, सकाळचे दोन तास धरा. पहिल्या दोन तासांत फोन कपाटात. ऑनलाइन माहिती मधल्या सुट्टीनंतर भरा, उशिरा भरली म्हणून नोटीस येईल. मी अशा नोटिसा पाठवल्या आहेत, त्यांचं पुढं काय होतं मला माहीत आहे. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाला देता येतात. सोबतच्या सरांना आणखी कुठलं काम दिलं असेल तर आदेश लेखी मागा. लेखी मागितला की निम्मी कामं आपोआप रद्द होतात.

भाषेचं म्हणाल तर मी नोकरीच्या सुरुवातीला बागलाणात होतो, घरोघरी अहिराणी. पुस्तकात 'मुलगा', घरी 'आंडोर'. मी पहिले सहा महिने पोरांना 'शुद्ध बोला' म्हणून गप्प बसवलं आणि मग ती बोलत नाहीत म्हणून तक्रार केली. शेवटी एका आजीनं दारातच विचारलं, 'मास्तर, तुम्ही कोठे जाई ऱ्हायनात?' मी अहिराणीत उत्तर द्यायचा प्रयत्न केला, ते इतकं चुकलं की सगळी आळी हसली. दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात बोलायला लागली, माझं उच्चारण सुधारायला. फळ्यावर एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला, असं मी वर्षभर केलं. मूल्यमापनाच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

पंधरा पोरं गेली आहेत ती कुठल्या तालुक्यात, कुठल्या मळ्यावर, याची यादी करा. दिंडोरीच्या ताईंचं पत्र वर आहेच. त्यांच्या ओट्यावर बसलेली सात कदाचित तुमचीच असतील.

प्रश्न : मी इगतपुरी तालुक्यातल्या पेसा (आदिवासी भागासाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतीचा सरपंच. वाडीवरच्या शाळेत १२ मुलं. तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत ती घालून गाडी द्यायची अशी चर्चा कानावर येते. काही पालकही म्हणतात मोठी शाळा बरी. ग्रामपंचायतीनं शाळेवर खर्च केला तर चालतो का?

उत्तर : सरपंच, आधी खर्चाचं. चालतो. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या काळात, ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच : पाणी आणि स्वच्छता. शाळेचं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी त्यात बसतं. ४० टक्के अबंधित, त्यातून डागडुजी आराखड्यात धरा. तुम्ही पेसात आहात, म्हणजे तुम्हाला आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधीही येतो. त्याच्या शीर्षांत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण स्वच्छ लिहिलेलं आहे. ग्रामसभेत ठराव घ्या. बहुतेक ठिकाणी हा पैसा पेव्हर ब्लॉकमध्ये जातो. कारण पेव्हर ब्लॉक दिसतात, आणि ठेकेदार गावातलाच असतो.

आता शाळा बंद करण्याचं. राज्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. तुमच्याच तालुक्यात दरेवाडीची, भाम धरणानं उठवलेल्या वस्तीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. शाळा बंद झाली तेव्हा २०२२ मध्ये ती मुलं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली होती : दप्तरं घ्या, शेळ्या द्या, राखायला जातो. शाळा पुन्हा भरली.

पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. बारा मुलांची शाळा आपोआप चांगली नसते. चार वर्ग एका खोलीत, शिक्षक रजेवर गेला की शाळाच रजेवर. शिकवणारा मनापासून शिकवत असेल तर छोटी शाळा सोनं करते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं दोन्ही हातांनी लिहितात, ते बघायला लोक लांबून येतात. शिकवणारा तसा नसेल तर बारा मुलांची चार वर्षं वाया जातात आणि कुणाला कळतही नाही, कारण बारा मुलांचा आवाज किती. त्यामुळे मोठी शाळा बरी म्हणणाऱ्या पालकांना अडाणी समजू नका. त्यांच्या मनात इमारत नाही, शिक्षक आहे.

माझी शंका गाडीबद्दल आहे. पहिल्या वर्षी गाडी येईल, फीत कापून येईल. दुसऱ्या वर्षी डिझेलचं बिल थकेल. आणि इगतपुरीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. ठरावावर सही करण्याआधी जुलैत एकदा सकाळी साडेनऊला, सहा वर्षांच्या एखाद्या पोराचं बोट धरून, वाडीपासून त्या शाळेपर्यंत चालत जा. वाटेत ओढा असेलच. ओढ्यापाशी पोहोचलात की पाणी पोराच्या कुठंपर्यंत येतं ते बघा आणि तो आकडा ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये लिहा.